लढाईची पाठ

साताऱ्यात मला खोली मिळाली ती माझी पाठ बघून. मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. शनिवार पेठेत एका फोटो स्टुडिओच्या माडीवर खोली रिकामी आहे, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं, म्हणून ट्रंक आणि वळकटी घेऊन सरळ तिथेच गेले. दुकानात एक उंच, हडकुळे गृहस्थ स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, पायात लष्करी बूट. मी खोलीबद्दल विचारलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा वळून हुबं ऱ्हावा."

मी सांगलीची. घरी वडिलांचा धाक आणि बाहेर माझा. असलं बोलणं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. मी ट्रंक उचलली आणि चालू लागले. उंबऱ्यापर्यंत पोचते तोच मागून त्यांनी आत हाक दिली, "आवं, खोली द्या ह्यांना. बाई सरळ हायत." आतून मालकीणबाई धावत आल्या, माझ्या हातातली ट्रंक काढून घेतली आणि म्हणाल्या, "रागवू नका. त्यांना माणूस मागनंच कळतो. लग्नातसुद्धा ह्यांनी पहिल्यांदा माझी पाठच बघितली."

तेव्हापासून पाच-सहा वर्षं मी त्या माडीवर राहिले. ते माझे मालक, आणि सगळी पेठही त्यांना मालकच म्हणायची. खरं तर त्यांच्या मालकीचं होतं काय? गळकी कौलं, एक जुना स्टुडिओ आणि एक लहानसा मूव्ही कॅमेरा. कॅमेरा त्यांनी लष्कराच्या मोडीतून विकत घेतला होता आणि त्याला ते जावयासारखं जपत.

गोष्टी मागून बघायची त्यांची खोड मला आधी नुसता विक्षिप्तपणा वाटला. नवीन पूल झाला की सगळे पुलावरून जाऊन येत, हे खाली उतरून कमानीच्या पोटात डोकं घालत. नाटक कंपनी आली की हे पडद्यामागे. देवळात गेले तर प्रदक्षिणेत देवाच्या पाठीमागे थांबत आणि तिथूनच हात जोडत. मी एकदा विचारलं, हे काय हो? तर म्हणाले, "फुडनं समदेच बघत्यात. फुडची बाजू बघण्यासाठीच केलेली असती. मागची कुणी केलेली नसती, ती आपसूक ऱ्हाती. म्हून ती खरी."

लग्नाचे फोटो ते कसे काढत असतील याची कल्पना करा. एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मुलीच्या बापाचा फोटो मागून काढला. अंतरपाट धरलेला, सगळे अक्षता टाकताहेत, आणि बापाने पाठीमागे स्वतःचं एक मनगट दुसऱ्या हाताने घट्ट आवळून धरलंय. चेहरा नाही, मुंडावळ्या नाहीत, काही नाही. व्यापारी चिडला, म्हणाला, मी काय चोर आहे का, पाठमोरा काढायला? फोटो त्याने तोंडावर फेकला. पुढे तो गृहस्थ वारला. दिवस झाल्यावर तीच मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, आमच्या दादांचा तो फोटो तुम्ही ठेवलाय का हो? मालकांनी ठेवला होता. ती तो घेऊन तिथेच स्टुलावर बसून रडली. मालक तिला शेंगा सोलून देत राहिले. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नाही.

ही खोड त्यांना लागली लढाईत. तरुणपणी ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, पण शिपाई म्हणून नव्हे. लष्कराच्या फोटो खात्यात एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली पेट्या उचलायला होते. साहेब पुढे जाई, मालकांना मागे तळावर ठेवी. तळावर काय होतं? मैलभर रचलेले डबे, बूट, घोंगड्या, दारूगोळ्याच्या पेट्या, आणि त्या पुरवणारे कंत्राटदार. ते सांगत, "गोळी कुटं लागली ते मी न्हाई बघितलं. गोळी कुटनं आली ते बघितलं." तळावरचे कंत्राटदार रोज एकच गोष्ट विचारत, आणखी किती दिवस चालेल? लवकर संपेल असं कुणी म्हणालं की त्यांचा चेहरा पडायचा. मालकांच्या मनात ते चेहरे कायमचे रुतून बसले होते.

मालकांचं गाव कोरेगावच्या बाजूला. गावात घरटी एक माणूस फौजेत, काही घरांत दोन. त्या गावची एक रीत होती. पोरगं भरती झालं की त्याची आई शेताच्या बांधावर आंब्याचं रोप लावायची. पोरगं पहिल्या रजेवर आलं की आपल्या झिजलेल्या बुटाच्या टाचेचा लोखंडी नाल काढून रोपाशेजारी पुरायचं. झाड नाल ठोकण्याजोगतं झालं की प्रत्येक रजेला एकेक नाल खोडात ठोकायचा. पोरगं पेन्शनीत येईतो झाडाच्या बुंध्यावर नाल चढत गेलेले असत, काही सालीने गिळलेले, काही अजून चकाकणारे. झाडांना नावं नव्हती. दत्तूचा आंबा, शिवाचा आंबा, असंच म्हणत. पोरगं नोकरीत असेतो त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे सांगावं लागत नसे.

शिवा हा मालकांचा भाचा. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, एकुलता एक. आक्का लवकर विधवा झालेली. मालकांना तिनेच वाढवलं होतं, म्हणून पन्नाशीच्या भावाला ती अजून 'धाकल्या' म्हणायची. बांगड्यांविना हात, काष्ट्याचं लुगडं, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी बसून घ्यावं. मालक जगात एकाच व्यक्तीला भीत. मालकीणबाईंना नव्हे, हे त्या स्वतःच हसून सांगत.

चीनची लढाई झाली तेव्हा सगळा मुलूख पेटून उठला होता. आमच्या शाळेतल्या मुलींनी कानातली काढून दिली, मीही माझी अंगठी दिली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्याच दिवसांत कोरेगावात एका कंत्राटदारांची लाकडाची वखार आणि करवतीची गिरणी होती. लष्कराला दारूगोळ्याच्या पेट्या पुरवायचं काम त्यांना मिळालं होतं. त्या भागातल्या नागरिकांच्या संरक्षण समितीचे अध्यक्षही तेच. गोरेपान, भरदार, भाषणात आवाज असा लावायचे की पोरंसुद्धा ओट्यावरून उडी मारून उभी राहत. ते मालकांच्या गावी गेले आणि म्हणाले, तुमच्या पोरांच्या गोळ्यांना पेट्या हव्यात. पोरं दिलीत, आता पोरांची झाडं द्या.

गावाने दिली. रीत मोडून दिली. नोकरीत असलेल्या पोरांची झाडं आयांनी स्वतः हळदकुंकू लावून दिली. एकटी आक्का अडून बसली. शिवा येऊन ठोकेल नाल, मग बघू, म्हणाली. गावात तिला बायका टोमणे मारू लागल्या की सगळ्यांची पोरं देशाची आणि हिचं तेवढं हिचं.

झाडं न्यायच्या दिवशी गावच्या लोकांनी मालकांना बोलावलं, आणि बजावून सांगितलं की गड्या, आजच्या दिवस तरी आमची तोंडं दिसू दे. आपलंच गाव. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा समोरून फोटो काढले. गाड्यांवर रचलेली झाडं, पुढे बायका, मध्ये हारांनी झाकलेले कंत्राटदार. फोटो सुंदर आले. वर्तमानपत्रात छापून आले. कंत्राटदारांनी त्यांचा एक देखणा अल्बम केला आणि तो घेऊन ते मुंबईला, मग दिल्लीला, मोठमोठ्या कचेऱ्यांत जाऊन आले.

काही महिन्यांनी ते स्वतः पेढे घेऊन दुकानात आले. मी जिन्यावरच होते. कंत्राटदार खुशीत होते. म्हणाले, "मालक, तुमच्या फोटोंनी काम केलं. वर साहेबांनी अल्बम बघितला आणि म्हणाले, जिथली जनता स्वतःची झाडं देते तिथलं काम दुसऱ्याला कसं द्यायचं? कंत्राट चौपट झालं." शिवाय सरकारने एवढ्यावर थांबू नये, साठा वाढवत न्यावा, बोलणी-बिलणी करू नयेत, असं निवेदनही समितीतर्फे आपण देऊन आलो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. मालकांनी पेढ्याचा पुडा घेतला, कपाटावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. मुंग्या लागल्यावर मालकीणबाईंनी फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी मालक कोरेगावला गेले आणि वखारीच्या मागच्या बाजूला जाऊन आले. आल्यावर जेवले नाहीत. मला फक्त एवढंच म्हणाले, "बाई, मी जलमात येकदा फुडनं फोटो काढला. बगा काय झालं."

त्यानंतर ते मूव्ही कॅमेरा घेऊन हिंडू लागले. रीळ मिळणं कठीण, महाग. कुठे कुणाकडे उरलेले तुकडे मिळतील तेवढे गोळा करायचे, चित्रण करायचं, मुंबईला धुवायला पाठवायचं, आणि आलं की आतल्या खोलीत बसून कात्रीने कापून जोडायचं. कौलं शाकारायचे पैसे त्या रिळांत गेले. पावसाळाभर माझ्या खोलीत तीन ठिकाणी पातेली मांडलेली असत. मी भांडायला खाली गेले की ते मला रिळाचा एखादा तुकडा उजेडासमोर धरायला देत आणि माझं भांडण विसरायला लावत. माणूस लबाड होता.

चित्रपटाचं निवेदन मी लिहावं असं ठरलं. मी मराठी शिकवत होते, माझी लेखणी शिवशिवत होती. युद्ध, स्वार्थ, मानवता, सगळं घालून चार पानं लिहिली आणि त्यांना मोठ्या उमेदीने वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग एकेक वाक्य खोडत गेले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, लोकांना डोळे आहेत. अखेर माझ्या चार पानांतून दोन वाक्यं उरली. 'हे पुढून' आणि 'हे मागून'. चित्र चालू असताना मी शेजारी उभं राहून ती आळीपाळीने म्हणायची. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पासष्टची लढाई झाली तेव्हा चित्र जवळजवळ तयार होतं. शिवा पंजाबच्या आघाडीवर होता आणि त्याची काही खबर नव्हती. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं, तरी खबर नव्हती. आणि कंत्राटदार पुन्हा गावोगाव सभा घेऊ लागले. लढाई थांबली यावर विसंबू नका, उरलेली झाडं द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकांच्या गावात आता उरलं होतं काय? गेल्या खेपेला लहान म्हणून सोडलेली काही झाडं आणि आक्काचा आंबा.

आक्का साताऱ्याला आली ती भावाला हे सांगायला की या खेपेला ती झाड देणार. ती माझ्याच खोलीत बसली होती, कारण खाली गिऱ्हाईक होतं. तिच्या मनाने एकच धरलं होतं. गेल्या वेळी सगळ्यांनी दिलं, तिने ठेवून घेतलं, म्हणून शिवाची खबर येत नाही. झाड दिलं की पोरगं येईल. मालक म्हणाले, आक्का, आधी माझं चित्र बघ, मग काय ते कर. ती म्हणाली, चित्र बघून पोरगं येणार आहे का? मालक तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "न्हाई. पर झाड देऊनबी येणार न्हाई. आक्का, आठ दिस थांब. माझ्यासाठी थांब."

ती गेल्यावर मालक माझ्या दारातच बसून राहिले. मी त्यांना समजावत होते की बरं झालं तुम्ही थांबवलंत. ते म्हणाले, "आन शिवा आला न्हाई तर? मग तिला जलमभर वाटंल, धाकल्यानं झाड आडवलं म्हून माझं पोर गेलं." हे त्यांना आधीच माहीत होतं. तरी त्यांनी तिला थांबवलं. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर कधी वाटला असेल तर त्या क्षणी वाटला.

गावात वीज नुकतीच आलेली. शाळेच्या लांबट खोलीत दुपारी खेळ ठेवला, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. तंबूतल्या सिनेमासारखी पडद्याच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका, अशी बसायची पद्धत. खोलीच्या मध्यावर धुतलेलं धोतर ताणून बांधलं. बायकांना नेहमी मागची बाजू मिळायची, चित्र उलटं दिसायचं. मालकांनी मशीन उचललं आणि बायकांच्या बाजूला नेऊन ठेवलं. पाटलांनी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, झाडं बायकांनी लावली, सरळ त्यांना दिसू दे. कंत्राटदारांना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, तुमचंच चित्र आहे म्हणून. ते पुरुषांच्या बाजूला पहिल्या खुर्चीत बसले होते.

मी मशीनजवळ उभी राहिले. हे पुढून, मी म्हणाले. व्यासपीठ, हार, कंत्राटदारांची वर उगारलेली मूठ, टाळ्या वाजवणारी माणसं. हे मागून. व्यासपीठामागे उभी त्यांची मोटार, तिच्यात साहेबांसाठी भरलेल्या फळांच्या करंड्या आणि तो अल्बम. हे पुढून. वखारीचं फाटक, तोरण, झाडांनी भरलेल्या गाड्या, दुसऱ्या एका गावाच्या वतीने दिलेला नारळ घेणारे कंत्राटदार. इथे पुरुषांत खसखस पिकली. त्यांच्या बाजूने चित्र उलटं, त्यामुळे कंत्राटदार नारळ डाव्या हाताने घेत होते.

कंत्राटदार उठून म्हणाले, "मालक, हे बरोबर नाही. मी असला डाव्या हाताचा माणूस नाही. तुम्ही उलटं दाखवताय."

"उलटं न्हाई, सायेब," मालक आमच्या बाजूने म्हणाले. "आज तुमी मागच्या बाजूला बसलाय."

हे मागून, मी म्हणाले. वखारीची मागची बाजू. नव्या पेट्यांची रास पावसात भिजून फुगलेली, फळ्यांतून गवत उगवलेलं. त्या पेट्या वापरात येण्याआधीच पुढचं कंत्राट मिळालं होतं. आणि राशीपलीकडे आंब्याचे बुंधे. ओळीने, एकावर एक फेकलेले. नालांचं लोखंड लागलं की करवतीचे दात मोडायचे, म्हणून गिरणीवाल्यांनी झाडांचा सगळ्यात जाड, सगळ्यात चांगला भाग कापलाच नव्हता. वरच्या फांद्या घेतल्या आणि बुंधे मागे फेकले होते. मालकांनी कॅमेरा अगदी जवळ नेला होता. एकेक बुंधा, एकेक नाल, सावकाश. काहींवर वाळवी चढलेली होती.

मग गोदाकाकू नावाची एक म्हातारी उठली, पडद्यापाशी गेली आणि एका बुंध्यावर हात ठेवला. "ह्यो आमच्या दत्तूचा," ती म्हणाली. मशीनच्या उजेडात तिची सावली धोतरावर पडली. दुसरी उठली. तिसरी उठली. प्रत्येकीला आपल्या पोराचे नाल ओळखू येत होते, कुठला वाकडा, कुठला गंजका. थोड्या वेळाने पडद्यावर चित्र दिसेनासंच झालं, नुसत्या बायकांच्या सावल्या आणि त्यांचे हात. पलीकडे पुरुष ते बघत होते. मी पुढचं वाक्य म्हणायचं विसरले आणि मालकांनीही आठवण करून दिली नाही.

कंत्राटदार लोखंड, करवत, आपला नाइलाज असं सांगू लागले. एक पेन्शनीतला हवालदार म्हणाला, "मग आता आणखी झाडं कशापायी मागताय?" त्यावर ते देशाबद्दल बरंच बोलले. त्यांचं बोलणं मध्येच तोडून बायकांतून आक्काचा आवाज आला. "माझं झाड मी देत न्हाई." मग ती मालकांजवळ आली आणि फक्त त्यांना आणि मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "धाकल्या, शिवाला काय झालं, तर माझ्या दारात येऊ नगंस."

आठवड्याने गावच्या बायका गाड्या जुंपून वखारीत गेल्या आणि बुंधे परत घेऊन आल्या. कंत्राटदारांनी हरकत घेतली नाही, त्यांची जागाच मोकळी होत होती. बुंधे ज्याच्या त्याच्या दारात आले. लोक त्यांवर बसून तंबाखू मळू लागले.

साताऱ्यात मात्र मालकांचं सगळं बिघडलं. भरतीच्या पोरांच्या फोटोंच्या प्रती काढून द्यायचं काम समितीच्या शब्दावर मिळत होतं, ते बंद झालं. एक सरकारी साहेब आले, चित्राचं रीळ 'बघून परत देतो' म्हणून घेऊन गेले, ते कधी परत आलं नाही. मी भयंकर संतापले, अर्ज करू म्हणाले. मालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते दिवसभर दुकानाच्या दारात बसून पोस्टमनची वाट बघत. मला रोज संध्याकाळी विचारायचे, पेपरात काय आलंय का बाई? मालकीणबाई भाकरी वाढत आणि तशीच उचलून ठेवत.

थंडी सरत आली तेव्हा तार आली. शिवा जखमी होता, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता. जीव वाचला होता, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

तो घरी यायचा दिवस ठरला तेव्हा मालक जायला तयार होईनात. आक्काने दारात येऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि पोराचा पाय गेला होता. शेवटी मालकीणबाई आणि मी त्यांना अक्षरशः ओढून नेलं. सगळं गाव बांधावर जमलं होतं. मालक सवयीने सगळ्यांच्या मागे, पार टोकाला उभे राहिले, कॅमेरा पोटाशी धरून.

शिवा कुबडीवर उभा होता. हसरा, सावळा पोरगा. त्याने पिशवीतून एक बूट काढला, उजव्या पायाचा, आणि त्याच्या टाचेचा नाल पक्कडीने उपटून घेतला. हातोडी मागितली. आक्का झाडाशी उभी होती. ती लोकांवरून नजर फिरवत होती.

"धाकल्या कुटं हाय?" ती म्हणाली.

लोक बाजूला झाले. मालक जागचे हलले नाहीत.

"मागं काय हुबा ऱ्हायलास? फुडं ये," आक्का म्हणाली. "पोर आलंय माझं. झाड हाय म्हून नाल ठोकतुया. फुडनं काढ फोटो. तोंड दिसू दे त्याचं."

मालक पुढे आले. शिवाने नाल खोडावर टेकवला, हातोडी उचलली, आईकडे बघून हसला. मालकांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

वर्षभरात स्टुडिओ बंद झाला. मालकीणबाईंच्या भावाने सांगलीला गणपती पेठेत त्यांना एक गाळा बघून दिला. मी सुट्टीत माहेरी गेले की तिथे जायचे. दुकान लहान, गिऱ्हाईक कमी, शेंगा त्याच. बाहेरच्या काचेच्या कपाटात फोटोवाले आपला सगळ्यात चांगला फोटो लावतात. मालकांनी बांधावरचा तो शिवाचा फोटो लावला होता. झाड, हातोडी, कुबडी, म्हातारी, सगळं त्यात होतं, आणि सगळं हललेलं. शिवाचं तोंड तर नुसतं पुसल्यासारखं. आयुष्यात ज्या माणसाच्या हातून एक फोटो हलला नव्हता, त्याच्या दुकानात हा एकच फोटो समोर टांगलेला.

शेजारचा शिंपी मला म्हणाला, बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांना, असला फोटो बघून कोण येईल? मी मालकांकडे पाहिलं. ते शेंग फोडत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्या दिशी मी फुडं हुतो."